तुडूम उघडं, बांधी कोरडी

१९५८ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात नागपूरहून गेलेला एक छोटा लेख छापून आला. लेखक दोघे, आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोलंकी. विषय होता मध्य भारतातला सिकलसेल. त्याआधी सहा वर्षं, १९५२ मध्ये, लेहमान आणि कटबुश यांनी निलगिरीतल्या आदिवासींच्या रक्तात हा दोष दाखवून दिला होता. तोवर तो मुख्यतः आफ्रिकेचा आणि तिथून गुलाम म्हणून नेलेल्यांच्या वंशजांचा आजार समजला जाई. नागपूरच्या लेखानं तो आपल्या दारात आणून उभा केला. तेव्हा नकाशाही नुकताच बदलला होता. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे जिल्हे मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आले होते, पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्रात यायचे होते. भंडारा त्यांतलाच. राज्यांच्या सीमा बदलत होत्या, आणि वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरच्या माणसांच्या नसांतून पिढ्यानपिढ्या काय वाहत आलंय याचा तेवढ्यात पत्ता लागत होता.

आज साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी, कुठंही विचारा, सिकल म्हणजे काय ते लोक सांगतील. ‘एएस’ म्हणजे वाहक, ‘एसएस’ म्हणजे आजारी. ही इंग्रजी अक्षरं इथल्या आयाबायांच्या तोंडी सोयरिकीच्या बोलण्यात येतात. हाडं फुटतात, डोळे पिवळे पडतात, अंगात रक्त राहत नाही, पाणथरी वाढते, हे सगळं दवाखान्यात सांगितलं जातं. एक गोष्ट मात्र कुणी आपणहून सांगत नाही, कारण ती सांगण्यासारखी आहे असंच वाटत नाही. या माणसांना तहान फार लागते आणि लघवी फार होते. रात्री दोन-दोनदा उठावं लागतं. मुलं मोठी झाली तरी अंथरूण ओलं करतात.

माझ्या शाळेत खिडकीशी बसणारा एक मुलगा होता. तासाला एकदा तरी त्याची करंगळी वर व्हायची. मास्तर म्हणायचे, ‘काय रे, नळ बसवलाय का पोटात?’ वर्ग हसायचा. मीही हसायचो. मग त्यानं मधल्या सुट्टीत पाणी पिणंच सोडलं. महिन्यातून चार-पाच दिवस तो यायचा नाही. पाय दुखतात, असं त्याचा भाऊ सांगायचा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. मास्तरांच्याही नाही. खरं तर तो संबंध छापील कागदावर येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

छापील कागद म्हणजे १९१० चा. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी त्या वर्षी एका तरुणाची हकिगत प्रसिद्ध केली. हा तरुण वॉल्टर क्लेमेंट नोएल, कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला. १९०४ च्या डिसेंबरात तो रुग्णालयात दाखल झाला तेव्हा अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरानं त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्याला विळ्यासारख्या वाकड्या पेशी दिसल्या. सिकल म्हणजे विळा. आजाराला नाव त्यावरूनच पडलं. विळ्याची गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवली. पण हेरिकनं आणखी एक नोंद केली होती, ती मागे पडली: रोग्याची लघवी नेहमीपेक्षा जास्त होती आणि तिचं विशिष्ट गुरुत्व कमी, म्हणजे ती पातळ, पाण्यासारखी होती. नोएल पुढे ग्रेनाडाला परतला, तिथं दात काढत-बसवत राहिला आणि १९१६ साली, बत्तिसाव्या वर्षी, वारला. त्याच्या लघवीचं कोडं सुटायला मात्र आणखी पन्नासेक वर्षं जावी लागली. ते सुटायला आधी शरीर पाणी राखतं कसं हे कळायला हवं होतं, आणि ते १९१० मध्ये कुणालाच धड ठाऊक नव्हतं.

पाणी राखणाऱ्या हॉर्मोनची गोष्ट सुरू होते ती रक्तदाबापासून. १८९५ मध्ये ऑलिव्हर आणि शेफर या दोघा इंग्रजांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क प्राण्यांना टोचला, तर रक्तदाब चढला. रक्तवाहिन्या आवळणारं काहीतरी त्यात होतं. अशा रसांना ‘हॉर्मोन’ हा शब्द अर्नेस्ट स्टार्लिंगनं पुढे १९०५ मध्ये दिला. १९१३ साली इटलीत फारिनी आणि जर्मनीत फोन डेन फेल्डन यांनी, एकमेकांना न विचारता, हाच अर्क दिवसाला बादलीभर लघवी करणाऱ्या रोग्यांना देऊन पाहिला. लघवी आटली, तहान भागली. एकाच रसाची दोन कामं, म्हणून त्याला दोन नावं पडली. रक्तवाहिन्या दाबतो म्हणून व्हॅसोप्रेसिन आणि लघवी आवरतो म्हणून अँटिडाययुरेटिक हॉर्मोन. डॉक्टरकीच्या पोरांना परीक्षेत दोन्ही नावं लिहावी लागतात. माझ्या मते पहिलं नाव थोडं फसवं आहे. रोजच्या जगण्यात हा रस दाबापेक्षा पाण्याचाच कारभार जास्त बघतो. दाब राखायला तो धावतो ते रक्तस्राव झाला किंवा अंगातलं पाणी फारच आटलं तर.

तो कधी सुटतो हे केंब्रिजच्या व्हर्नी यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून शोधलं आणि १९४७ च्या व्याख्यानात मांडलं. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात त्यांनी मिठाचं पाणी थेंबथेंब सोडलं. रक्ताचा खारेपणा शंभरात दोनाइतका जरी वाढला तरी कुत्र्याची लघवी आखडते, असं दिसलं. डोक्यात कुठंतरी खारेपणा चाखणारी जीभ आहे, असंच म्हणा. १९५३-५४ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी या रसाची रचना उलगडली, नऊ अमिनो आम्लांची साखळी, आणि तो प्रयोगशाळेत तयारही केला. १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. हुकूम कुठून निघतो, कशावरून निघतो, कुठल्या अक्षरांत लिहिलेला असतो, हे सगळं आता कळलं होतं. तो बजावला कसा जातो, हे कळायला मूत्रपिंडात उतरावं लागलं.

इथं भंडाऱ्याच्या माणसाला परदेशी पुस्तकाची गरज नाही. हा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीपासून कोहळी समाजाच्या पाटलांनी इथं तलाव बांधले. आता गोंदियात गेलेलं नवेगावबांध १९९९ पर्यंत भंडाऱ्यातच होतं. ते कोलू पाटील कोहळीनं बांधलं असं सांगतात. आजही माजी मालगुजारी तलावांना लोक आणि सरकारी कागद दोन्ही ‘मामा तलाव’ म्हणतात. तलावाला पाळ असते, जादा पाणी जायला सलंग असतो, आणि पाणी सोडायला पाळीतलं दार, म्हणजे तुडूम. कुठल्या बांधीला, म्हणजे भाताच्या शेताला, किती वेळ पाणी द्यायचं ते पाणकर ठरवायचा. पाणकर रात्री कंदील घेऊन फिरायचा. त्याच्या शब्दावर तुडूम उघडायचं आणि बंद व्हायचं. आणि एवढं तर पोरही जाणतं की नुसतं तुडूम उघडून पाणी जात नाही. पलीकडची बांधी खाली हवी. उतार नसेल तर दार सताड उघडं ठेवा, पाणी जागचं हलणार नाही.

मूत्रपिंडात हेच चालतं. रोज सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळलं जातं. त्यातलं दीड-दोन लिटर लघवीवाटे जातं, बाकी सगळं परत घेतलं जातं. शेवटच्या टप्प्यात लघवीच्या बारीक नळ्या मूत्रपिंडाच्या गाभ्यातून खाली उतरतात. व्हॅसोप्रेसिन आलं की या नळ्यांच्या भिंतींत पाण्याची दारं बसतात. (ही दारं, अ‍ॅक्वापोरिन, पीटर अ‍ॅग्रे यांना १९९२ मध्ये सापडली, आणि गंमत अशी की आधी तांबड्या रक्तपेशींतच सापडली. त्यांनाही २००३ मध्ये नोबेल मिळालं.) दारं उघडली, आता उतार हवा. इथला उतार म्हणजे खारेपणा. गाभा जितका खोल तितका खारा, इतका की निरोगी माणसात तो रक्ताच्या चौपट होतो. दारातून पाणी त्या खाऱ्याकडे ओढलं जातं आणि लघवी दाट होते. हा खारेपणा टिकतो केसाच्या पिनेसारख्या वळून परत येणाऱ्या नळ्यांमुळे आणि तशाच वळलेल्या रक्तवाहिन्यांमुळे. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या विर्त्स, हार्गिताय आणि कुह्न यांनी १९५१ मध्ये उंदरांच्या मूत्रपिंडाचे गोठवलेले काप घेतले आणि गाभ्याकडे जाताना खारेपणा पायरीपायरीनं कसा वाढतो ते दाखवून दिलं. त्याच वर्षी, ३१ मार्च १९५१ ला, जुन्या मध्य प्रदेशात मालगुजारी संपली आणि भंडाऱ्याचे तलाव सरकारजमा झाले. पाणकराचा शब्द पुढे हळूहळू चालेनासा झाला, तलावांत गाळ साचला. ती वेगळी आणि लांबलचक कहाणी आहे.

आता विळ्यासारख्या पेशीकडे परत येऊ. सिकलच्या हिमोग्लोबिनचा दोष केवढा, तर शेकडो अमिनो आम्लांच्या प्रथिनात एका ठिकाणी एक बदललेलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग, हार्वी इटानो आणि त्यांच्या साथीदारांनी हा रेणूचा आजार आहे असं म्हटलं. नेमकं कुठलं अमिनो आम्ल बदललं ते व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये शोधलं. असं हिमोग्लोबिन प्राणवायू कमी पडला, आम्लता वाढली किंवा पेशीतलं पाणी आटलं की एकमेकाला चिकटतं, त्याच्या ताठ काड्या होतात आणि पेशी वाकडी होऊन अडकते. आता मूत्रपिंडाचा गाभा आठवा. तिथं प्राणवायू कमी, आम्लता जास्त, आणि खारेपणा तर इतका की पेशीतलं पाणीच बाहेर ओढलं जावं. पेशी वाकडी व्हायला जी तीन निमित्तं लागतात ती तिन्ही तिथं एकाच जागी हजर असतात. पाणी वाचवायला शरीरानं जे खारं तळं राखलं, तेच या रक्ताला मानवत नाही. शिवाय तिथल्या रक्तवाहिन्या पिनेसारख्या अरुंद. एकदा तुंबल्या की गाभ्याचा खारेपणा टिकवणारं कोणी उरत नाही. उतारच नाहीसा होतो.

१९५६ मध्ये केटेल, थॉमसन आणि इटानो (होय, पॉलिंगबरोबरचेच) यांनी याचा पुरावा दिला. सिकलच्या लहान मुलांना त्यांनी निरोगी रक्त चढवलं. काही दिवसांत ती मुलं पुन्हा दाट लघवी करू लागली. म्हणजे मूळ दोष मूत्रपिंडाचा नव्हता, त्यातून वाहणाऱ्या रक्ताचा होता. मोठ्यांना मात्र रक्त देऊनही फरक पडला नाही. तोवर गाभा कायमचा बिघडलेला असतो. १९७० मध्ये स्टाटियस व्हान एप्स आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्येच क्ष-किरणांची चित्रं छापली. निरोगी मूत्रपिंडाच्या गाभ्यात रक्तवाहिन्या झाडूच्या काड्यांसारख्या सरळ, दाट उतरलेल्या दिसतात. सिकलच्या मूत्रपिंडात त्या जागी जवळजवळ काहीच नाही. उरल्यासुरल्या वाहिन्या वाकड्या, मध्येच संपलेल्या. वाहकाच्या मूत्रपिंडात त्या असतात, पण विरळ. ते चित्र एकदा पाहिलं की पुढे काही समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून या रोग्यांना बाहेरून व्हॅसोप्रेसिन टोचलं तरी लघवी दाट होत नाही. मेंदू हुकूम देतोय, रस पोहोचतोय, नळ्यांची दारं उघडतायत, पण पाण्याला उतारच नाही. निरोगी माणसाची लघवी ताणून ताणून बाराशेच्या घरात दाट होते, डॉक्टरांच्या मोजमापाच्या एककात, तिथं सिकलवाल्याची चारशेच्या आसपासच अडते. म्हणजे तेवढीच घाण बाहेर टाकायला त्याला तिप्पट पाणी खर्चावं लागतं. उलट लघवी पातळ करण्यात त्याच्या मूत्रपिंडाला अडचण येत नाही. भरपूर प्यायला तर भरपूर जाईल. कमी प्यायला तरी जाणारं थांबणार नाही.

याचा अर्थ मला भंडाऱ्याच्या रोवणीत जास्त नीट कळतो. आषाढात बांधीत चिखलपाण्यात पोटऱ्यांपर्यंत पाय रोवून बाया दिवसभर वाकून भाताचे परे लावतात. वर दमट ऊन, खाली पाणी. बांधीवर आडोसा नसतो, म्हणून त्या सकाळपासून पाणी बेतानंच पितात. दिवस काढायचा तो असा. निरोगी बाईला व्हॅसोप्रेसिन निभावून नेतं. तिची लघवी गडद होते, संध्याकाळी ती घरी येऊन दोन तांबे पाणी पिते आणि सावरते. सिकल असलेल्या बाईला ही युक्ती उपयोगाची नाही. तिचं पाणी दुपारपर्यंत जातच राहतं, रक्त दाटतं, आणि पेशी वाकड्या व्हायला तेवढं निमित्त पुरतं. रात्री हाडं फुटायला लागतात. घरचे म्हणतात, पाण्यात उभी राहिली म्हणून थंडी बाधली. थंडीही बाधतेच, ती चूक नाही. पण पाण्यात उभं राहून आतून वाळणं, हेही त्यात आहे.

हा दोष इथं एवढा का, याचं उत्तर बहुतेकांना शाळेतच मिळतं: मलेरिया. वाहकाला गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळतं, हे अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. जंगल, तलाव, डास असलेल्या मुलखात हा दोष टिकून राहिला. तो एखाद्या जातीचा म्हणून सांगण्यात अर्थ नाही; बौद्ध, गोंड, परधान, तेली, कुणबी, सगळ्यांत तो सापडतो.

रक्तदाबाचं काय? तिथंही हा आजार उलटा चालतो. सिकलच्या रोग्यांचा रक्तदाब त्यांच्या वयाच्या इतरांपेक्षा बहुधा कमी असतो. मूत्रपिंडाकडे दाब राखायचं स्वतःचं हॉर्मोनचं यंत्र आहे: स्टॉकहोमच्या टिगेरस्टेट आणि बेर्गमन यांनी १८९८ मध्ये सशाच्या मूत्रपिंडातून काढलेलं रेनिन, त्याच्यामुळे तयार होणारं अँजिओटेन्सिन, आणि त्याच्या सांगण्यावरून मीठ राखणारं अल्डोस्टेरॉन, जे सिम्पसन आणि टेट यांनी १९५३ मध्ये वेगळं काढलं. सिकलच्या मूत्रपिंडाच्या गाळण्या तरुणपणी गरजेपेक्षा जास्त राबतात आणि मग झिजतात. लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. अँजिओटेन्सिन तयार होऊ न देणारं एनालाप्रिल दिलं की ही गळती कमी होते, हे १९९२ मध्ये फॉक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. या औषधांच्या कुळाचं मूळ ब्राझीलच्या एका विषारी सापाच्या विषात आहे; ते सर्जिओ फेरेइरा यांनी १९६५ मध्ये हुडकलं. व्यवहाराची गोष्ट एवढीच की एसएस रोग्याचा दाब १३०/८५ भरला तर ‘ठीकच आहे’ म्हणून सोडू नये. त्याच्यासाठी तो चढलेला असू शकतो.

बाकी इतिहास अलीकडचा. हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा फायदा १९९५ मध्ये सिद्ध झाला; आता ते सरकारी दवाखान्यांतही मिळतं. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेलवाल्यांची संघटना उभी केली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचं नाव आलं. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. गावात तपासणी होते तेव्हा बघावं: नळीत सोडियम डायथायोनाइटचं द्रावण, त्यात बोटाच्या रक्ताचा थेंब, नळीमागे काळ्या रेघांचा कागद. निरोगी रक्त असेल तर लाल पाण्यातून रेघा आरपार दिसतात. सिकल असेल तर द्रावण गढूळ होतं आणि रेघा दिसेनाशा होतात. वाहक की आजारी, ते मग इलेक्ट्रोफोरेसिसनं ठरतं. ज्याच्या नळीत रेघा दिसेनाशा झाल्या त्याला लग्नाबद्दल सांगितलं जातं, गोळ्यांबद्दल सांगितलं जातं. तहानेबद्दल, लघवीबद्दल मात्र क्वचितच कुणी दोन मिनिटं बोलतं.

भंडाऱ्यातल्या, गोंदियातल्या, गडचिरोलीतल्या शिक्षकांना एवढंच सांगणं आहे: वर्गातलं एखादं पोर तासाला करंगळी वर करत असेल तर त्याला जाऊ द्या, आणि परत आल्यावर पाण्याची बाटली बाकावरच ठेवू द्या.